जिलेटिन नसलेली काच

अतिनील खगोलशास्त्राची कुळकथा बहुधा १० ऑक्टोबर १९४६ पासून सांगतात. त्या दिवशी व्ही-२ अग्निबाणाने वातावरणाच्या दाट थरांच्या वर जाऊन सूर्याचा अतिनील वर्णपट टिपला. त्याआधीचा रिटरचा १८०१ चा अतिनील किरणांचा शोध एका ओळीत उरकतो. मला मात्र या घराण्याचा मूळपुरुष लाइपझिगचा व्हिक्टर शूमान वाटतो. २०० नॅनोमीटरच्या खाली हवेतला ऑक्सिजन, भिंगाची काच, सगळंच आडवं येतं. शूमानने हेरलं की फोटोच्या काचेवर चांदीच्या क्षाराचे कण धरून ठेवणारं जिलेटिनसुद्धा हा प्रकाश गिळतं. पेशाने यंत्र-अभियंता असलेल्या या माणसाने १८९० च्या दशकात फ्लुओराइटचे लोलक बसवले, उपकरणातली हवा उपसली आणि जिलेटिन जेमतेम ठेवून कण काचेवर बसू दिले. कण असे उघडे, की बोट लागलं तरी काच वाया. तो सुमारे १२० नॅनोमीटरपर्यंत पोचला.

यावर आक्षेप दोन. त्याला तरंगलांबी मोजता आली नाही. ती १९०६ मध्ये हार्वर्डच्या थिओडोर लायमनने मोजली. खरं आहे, पण लायमनचे फोटो शूमानच्याच पद्धतीच्या काचांवरचे. दुसरा आक्षेप जड आहे: शूमानने आकाश पाहिलंच नाही, आणि अतिनील दुर्बीण नेणाऱ्या १९७२ च्या कोपर्निकस उपग्रहावर फोटोची काच नव्हतीच. पण वारसा काचेचा नाही, वाटेतला अडसर काढण्याच्या रीतीचा आहे. अतिनील खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज कॅरुथर्सच्या कॅमेऱ्यात प्रकाश क्षाराच्या थरावर पडतो आणि तिथून सुटलेले इलेक्ट्रॉन फिल्मवर उमटतात. जिलेटिनशी प्रकाशाची गाठच पडत नाही. कॅरुथर्सने शूमान वाचलेला असणारच, असं मी धरून चालतो. अशाच कॅमेऱ्याने १९७० मध्ये ताऱ्यांमधल्या पोकळीत रेण्वीय हायड्रोजन सापडला, आणि १९७२ मध्ये अपोलो १६ च्या यात्रींनी चंद्रावरून मोठ्या मॅगेलन मेघाचे फोटो घेतले. तीस हजार केल्विनचा जडभारी तारा सर्वाधिक तेजाने झळकतो तो ९७ नॅनोमीटरच्या आसपास. तेव्हा अशा ताऱ्यांचा आणि त्यांनी उजळलेल्या तेजोमेघांचा खरा हिशेब या अतिनील पट्ट्यातच लागतो.

९१ नॅनोमीटरखाली मात्र ही रीत थकते, कारण तिथे अडसर खुद्द अवकाशातल्या हायड्रोजनचा, आणि तो काढता येत नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील कनक साहा यांच्या चमूने २०२० मध्ये ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाच्या अतिनील दुर्बिणीतून एका दूरच्या दीर्घिकेचा असा प्रकाश दाखवला: तिच्यातल्या हायड्रोजनमधून तो निसटला होता, आणि विश्वाच्या प्रसरणाने वाटेत ताणून त्याला दुर्बिणीच्या टप्प्यात आणलं होतं.