सदोमचा गुन्हा आणि इंग्लंडचे चर्च

इंग्लंडमध्ये पुरुषांमधील समागम राज्याच्या कायद्याने शिक्षापात्र ठरला तो १५३३ साली, आठव्या हेन्रीच्या राजवटीत. त्याआधी हा विषय धर्मपीठाच्या न्यायालयांकडे, म्हणजे विवाह, व्यभिचार, पाखंड आणि मृत्युपत्रे यांचा निवाडा करणाऱ्या बिशपांच्या न्यायसभांकडे असे, आणि त्यांची शिक्षा बहुधा प्रायश्चित्ताच्या स्वरूपाची असे. रोमशी संबंध तोडण्याच्या धांदलीत हेन्रीने चर्चचे जे अधिकार एकेक करून राजसत्तेकडे ओढून घेतले, त्यांतच हाही एक होता. त्यामुळे या कायद्यामागे नीतीची चाड किती आणि धर्मगुरूंना वेसण घालण्याची इच्छा किती, हा प्रश्न रास्त ठरतो. हेतू काहीही असो, जे पाप होते ते आता फाशीचा गुन्हा झाले. जेम्स प्रॅट आणि जॉन स्मिथ या दोघांना १८३५ मध्ये लंडनमध्ये झालेली फाशी ही या गुन्ह्यासाठी दिलेली शेवटची फाशी होती, मात्र मृत्युदंडाची तरतूद कायद्यातून निघाली ती १८६१ मध्ये.

या शिक्षेचे समर्थन बायबलमधून केले जाई. विल्यम ब्लॅकस्टनने १७६९ मध्ये इंग्लिश फौजदारी कायद्याचे विवरण करताना, देवाने दोन नगरे आकाशातून अग्नी पाडून नष्ट केली हा शिक्षेचा आधार म्हणून सांगितला. ती नगरे म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकातील सदोम आणि गमोरा. हिंदुस्थानासाठी दंडसंहितेचा मसुदा करणाऱ्या मेकॉलेला १८३७ मध्ये या कलमांवर चर्चासुद्धा नकोशी वाटली आणि त्याने टिपणांत विषय आवरता घेतला. कलम आले ते सरकारी दप्तरातून, व्यासपीठावरून नव्हे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत ते ३७७ व्या क्रमांकाने बसले. त्यात सदोमचे नाव नव्हते, निसर्गक्रमाविरुद्धच्या संभोगाची भाषा होती. परंतु निसर्गाची ही कल्पना मध्ययुगीन ख्रिस्ती नीतिशास्त्रातून इंग्लिश कायद्यात झिरपलेली होती.

इंग्लंडमधील या कायद्याला मुळापासून हात लावण्याची सुरुवातीच्या संघटित खटपटींपैकी एक चर्चच्या आतूनच झाली, ही गोष्ट सहसा विसरली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात पोलिसांनी पुरुषांवर भरलेल्या खटल्यांची संख्या झपाट्याने वाढली. १९५२ मध्ये गणितज्ञ ॲलन ट्युरिंगला शिक्षा झाली, आणि १९५४ मध्ये लॉर्ड माँटेग्यू व त्याच्या दोन सहकाऱ्यांवरील खटल्याने सुशिक्षित वर्ग अस्वस्थ झाला. त्याच वर्षी चर्च ऑफ इंग्लंडच्या नैतिक कल्याण परिषदेने एक अंतरिम अहवाल प्रसिद्ध केला. ही परिषद कुमारी माता, वेश्याव्यवसाय, विवाहातील तंटे अशा प्रश्नांवर काम करणारी संस्था. तिच्यासाठी काही धर्मगुरू व डॉक्टरांनी हा अहवाल तयार केला, आणि प्रौढांच्या खासगी संमतीच्या संबंधांना गुन्हा मानू नये अशी शिफारस त्यात होती. अहवालामागचा मुख्य अभ्यासक होता डेरिक शेर्विन बेली हा धर्मगुरू. १९५५ मध्ये त्याने आपला अभ्यास ‘होमोसेक्शुॲलिटी अँड द वेस्टर्न ख्रिश्चन ट्रॅडिशन’ या ग्रंथात मांडला.

बेलीने थेट सदोमच्या कथेलाच हात घातला. उत्पत्तीच्या १९ व्या अध्यायात अब्राहामाचा पुतण्या लोट हा सदोमात उपरा म्हणून राहत असता दोन देवदूत पाहुणे होऊन त्याच्या घरी येतात; रात्री नगरातील पुरुष घराला वेढा घालून पाहुण्यांना बाहेर काढण्याची मागणी करतात, लोट पाहुण्यांऐवजी स्वतःच्या मुली देऊ करतो, आणि सकाळी नगरावर गंधक व अग्नी यांचा वर्षाव होतो. जमावाला पाहुण्यांना ‘जाणून’ घ्यायचे होते असे मूळ हिब्रूत म्हटले आहे. हे क्रियापद जुन्या करारात नऊशेहून अधिक वेळा येते आणि त्यांपैकी जेमतेम दहाबारा ठिकाणी त्याचा अर्थ शरीरसंबंध असा होतो, या आकडेवारीवरून बेलीने असा तर्क बांधला की उपऱ्या लोटाने रात्री घरात घेतलेले परके कोण आहेत याची खातरजमा नगरवासीयांना करायची होती, आणि त्यांचा अपराध आतिथ्यधर्माच्या उद्दाम भंगाचा होता.

हा तर्क गाजला खरा, पण तो त्याच्या ग्रंथातील सर्वांत दुबळा भाग आहे. अवघ्या काही ओळींनंतर लोट आपल्या मुलींविषयी बोलताना तेच क्रियापद वापरतो, आणि तेथे त्याचा शरीरसंबंधाखेरीज दुसरा अर्थ संभवत नाही. शिवाय शास्ते या पुस्तकातील गिबा येथील कथा जवळजवळ याच साच्यात घडते आणि तिचा शेवट एका स्त्रीवरील सामूहिक बलात्कारात होतो. पुढच्या बहुतेक अभ्यासकांनी म्हणूनच सदोमचा जमाव बलात्काराच्या हेतूने आला होता हे मान्य केले, आणि त्या अत्याचारात परक्यांना नामोहरम करण्याची वृत्ती पाहिली. क्रियापदे मोजून धर्मशास्त्र सिद्ध करता येत नाही, हे बेलीसारख्या साक्षेपी माणसाच्या लक्षात यायला हवे होते.

त्याचे टिकाऊ काम वेगळे आहे, आणि ते इतिहासकाराचे आहे. जुन्या करारातील संदेष्टे सदोमचे नाव घेतात तेव्हा कोणता दोष दाखवतात, हे त्याने क्रमाने तपासले. यशया अन्यायाविषयी बोलतो, यिर्मया व्यभिचार आणि खोटेपणाविषयी. यहेज्केल तर गर्व, सुबत्ता आणि गोरगरिबांकडे फिरवलेली पाठ हाच सदोमचा अपराध असे स्पष्टपणे सांगतो. नव्या करारात येशू सदोमचा दाखला देतो तो शिष्यांचे स्वागत न करणाऱ्या गावांच्या संदर्भात. पुरुषांमधील संबंध हाच सदोमचा गुन्हा हा अर्थ ठळक होतो तो नंतरच्या यहुदी लेखनात, विशेषतः अलेक्झांड्रियाच्या फायलोकडे, जो ग्रीक नगरांतील रीतींवर टीका करीत होता. तेथून तो ख्रिस्ती आचार्यांकडे आणि सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या फर्मानांत गेला. दुष्काळ, भूकंप आणि रोगराई या कृत्यांमुळे येतात असे त्या फर्मानांत म्हटले होते. अकराव्या शतकात पीटर डेमियन या तपस्वी धर्मसुधारकाने धर्मगुरूंमधील अशा आचरणाविरुद्ध ग्रंथ लिहून या पापाला नगराचेच नाव कायमचे चिकटवले. म्हणजे हेन्रीच्या आणि ब्लॅकस्टनच्या हाती आलेला अर्थ शास्त्रवचनाइतका जुना नव्हता, तो साचत गेलेला होता, हे बेलीने दाखवून दिले.

लेवीयमधील निषेध आणि पौलाच्या रोमकरांस पत्रातील मजकूर मात्र असा बाजूला सारता येत नव्हता. तेथे बेलीने त्या काळच्या मानसशास्त्रातील एक भेद वापरला: काहींचा कल जन्मतः वा नकळत समलिंगी असतो, तर काही जण भिन्नलिंगी कल असूनही चटक म्हणून तसे वागतात. पौलाला पहिल्या प्रकाराची कल्पना नव्हती आणि त्याचा रोष दुसऱ्यावर होता, असे त्याचे म्हणणे. एवढे करूनही बेलीने समलिंगी समागम निर्दोष ठरवला नाही. कल हा दोष नव्हे, कृती मात्र पापच, आणि पाप असले तरी तो गुन्हा असायला नको, येथे तो थांबला.

पाप आणि गुन्हा यांच्यातील ही फारकत सरकारला सोयीची ठरली. समलिंगी संबंध आणि वेश्याव्यवसाय यांविषयीचे कायदे तपासण्यासाठी सरकारने ऑगस्ट १९५४ मध्ये जॉन वुल्फेंडन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे नैतिक कल्याण परिषदेने साक्ष दिली. कार्डिनल ग्रिफिन यांनी नेमलेल्या रोमन कॅथलिक सल्लागार मंडळानेही तशीच शिफारस केली. समितीत स्त्रिया होत्या म्हणून संकोचापोटी समलिंगी पुरुष आणि वेश्या यांचा उल्लेख एका प्रसिद्ध बिस्किट कंपनीच्या जोडनावाने, ‘हंटली’ आणि ‘पामर’, असा केला जाई. नीतीच्या सीमा ठरवणाऱ्या मंडळींची ही अवस्था होती. सप्टेंबर १९५७ च्या अहवालाने २१ वर्षांवरील पुरुषांचे खासगी, संमतीचे संबंध गुन्ह्यांतून वगळण्याची शिफारस केली, आणि नोव्हेंबरमध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रतिनिधिसभेने तिला १५५ विरुद्ध १३८ मतांनी पाठिंबा दिला. कायदा व्हायला मात्र दहा वर्षे गेली. लॉर्डांच्या सभागृहात आर्चबिशप मायकेल रॅम्झी यांनी सुधारणेची बाजू घेतली, ती ही कृत्ये पापरूप आहेत हे ठासून सांगतच. १९६७ चा कायदा इंग्लंड व वेल्सपुरताच होता; स्कॉटलंडला १९८० पर्यंत आणि उत्तर आयर्लंडला १९८२ पर्यंत थांबावे लागले.

कैदेतून सुटका झाली, पण चर्चमध्ये जागा कोणती, हा प्रश्न तसाच राहिला, कारण बेलीच्या मांडणीत त्याचे उत्तरच नव्हते. ते देण्याचे धाडस आधी क्वेकरांनी केले: १९६३ मधील त्यांच्या एका गटाच्या निबंधाने संबंध कोणाकोणात आहे यापेक्षा त्यात प्रेम, निष्ठा आणि परस्परांचा मान आहे का, हे पाहावे असे म्हटले. १९७६ मध्ये लंडनमध्ये समलिंगी ख्रिस्ती लोकांची स्वतःची चळवळ उभी राहिली. आजवर ज्यांच्याविषयी समित्या बोलत होत्या ते आता स्वतः बोलू लागले. १९९१ मध्ये बिशपांनी सामान्य श्रद्धावंतांना सदसद्विवेकाची मुभा दिली आणि धर्मगुरूंना ती नाकारली. ही दुहेरी मोजपट्टी कोणालाच पटली नाही. १९९८ च्या लॅम्बेथ परिषदेत जगभरातील अँग्लिकन बिशपांनी ५२६ विरुद्ध ७० मतांनी समलिंगी आचरण शास्त्रवचनाशी विसंगत ठरवले, आणि त्याच ठरावात अशा व्यक्तींचे म्हणणे ऐकण्याचे आश्वासनही दिले. समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थना इंग्लंडच्या चर्चमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाल्या. विवाहविधी अद्याप नाही.

भारतात ही वाटचाल उलट्या क्रमाने झाली. येथे बदल न्यायालयातून आला आणि चर्चना त्याला सामोरे जावे लागले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रौढांचे खासगी, संमतीचे संबंध कलम ३७७ मधून वगळले, आणि त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत काही ख्रिस्ती संस्थाही होत्या. दुसरीकडे नागपूरला मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय चर्च परिषदेने हा विषय धर्मशास्त्रीय चर्चेसाठी घेतला. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ पुन्हा लागू केले, तेव्हा मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशियस यांनी कॅथलिक चर्च समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानत नाही, समलिंगी विवाहाला मात्र त्याचा विरोध आहे, अशी भूमिका घेतली. साठ वर्षांपूर्वी वेस्टमिन्स्टरमध्ये घडवलेली तीच फारकत आता मुंबईतून मांडली जात होती. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायमूर्तींनी १५३३ च्या कायद्यापासून वुल्फेंडन अहवालापर्यंतचा इतिहास उजळून संमतीचे संबंध कलमातून वगळले, आणि जबरदस्तीसाठी ते कायम ठेवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलमच नाही. त्याबरोबर पुरुषावरील बलात्काराला लागू पडणारी एकमेव तरतूदही गेली, म्हणजे लोटाच्या दारी जमलेल्या जमावाला जे करायचे होते त्यासाठी स्वतंत्र गुन्हा आज भारतीय कायद्यात उरलेला नाही.