पटावरचे पुराण

कुंभकोणमजवळच्या तिरुनागेश्वरम् या गावात नागनाथस्वामींचे शिवमंदिर आहे. आदिशेष, तक्षक आणि कर्कोटक यांनी येथे शिवाची आराधना केली, असे स्थलपुराण सांगते. राहूचे क्षेत्र म्हणूनही त्याची ख्याती आहे. याच परिसरात उप्पिलियप्पन हे विष्णूचे देवस्थान असून तेथील नैवेद्यात मीठ वर्ज्य असते. १७९९ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात जाईपर्यंत हा सारा मुलूख तंजावरच्या भोसल्यांच्या अमलाखाली होता. तमिळ वैष्णव घरांत वैकुंठ एकादशीच्या जागरणात परमपदसोपान खेळण्याची प्रथा आहे. या पटावर शिड्या वैकुंठाकडे नेतात आणि साप खाली ओढतात. सापांना पुराणांतील असुरांची नावे दिलेली असतात. एका मंदिरात जो सर्प भक्तश्रेष्ठ, तोच शेजारच्या घरातील पटावर अधःपाताचे चिन्ह ठरतो. ही विसंगती केवळ शैव-वैष्णव भेदाने उलगडत नाही. खेळ वाङ्मयातून काय उचलतो आणि काय मागे ठेवतो, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे.

महाराष्ट्रात हाच खेळ मोक्षपट या नावाने ओळखला जातो. त्याचे जनकत्व परंपरा ज्ञानेश्वरांकडे देते. उपलब्ध पट बरेच उत्तरकालीन असल्यामुळे या श्रेयाला ऐतिहासिक पुरावा म्हणता येत नाही. परंतु परंपरेला ज्ञानेश्वरांचेच नाव का सुचावे, हे पट वाचल्यावर समजते. ‘वाचणे’ हा शब्द येथे शब्दशः घ्यावयाचा आहे. हरीश जोहरी यांनी १९७५ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेला ७२ घरांचा वैष्णव पट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यात ज्ञानाचे घर ३७ वे. तेथून निघालेली शिडी ६६ व्या घरी, म्हणजे आनंदलोकात पोहोचते. भक्तीचे घर ५४ वे, आणि तिची शिडी थेट ६८ व्या घरी, वैकुंठात जाते. ज्ञानमार्ग साध्यापासून दोन घरे अलीकडे थांबतो. ज्ञान आणि भक्ती यांच्या तारतम्याविषयी मध्ययुगीन ग्रंथकारांनी जे विस्ताराने प्रतिपादिले, ते येथे केवळ अंकांच्या योजनेने सांगितले आहे.

याहून मार्मिक गोष्ट पुढच्याच घरात आहे. ५५ वे घर अहंकाराचे; तेथील साप खेळणाऱ्याला तिसऱ्या घरी, क्रोधात आणून सोडतो. भक्ती आणि अहंकार यांत अंतर एका दानाचे. भक्ताला आपल्या भक्तीचाच अभिमान जडतो, हा संतवाङ्मयात वारंवार येणारा इशारा या मांडणीत जितका बोचतो तितका एखाद्या प्रवचनातही क्वचितच बोचत असेल. आणखी एक योजना अशी की वैकुंठाचे घर पटाचे अखेरचे घर नाही. त्याच्या पलीकडे चार घरे आहेत; जो नेमके दान न पडता पुढे सरकतो, तो ७२ व्या घरी तमोगुणात सापडून पुन्हा पृथ्वीवर येतो. अतिरेकही पतनच होय.

या पटावर कथा नाही, पात्र नाही, संवाद नाही. सोंगटी म्हणजे जीव, आणि सोंगटीचा धनी तो स्वतःच. तरीही या खेळाइतके वाङ्मयनिष्ठ खेळ विरळा, कारण त्याने वाङ्मयातून प्रसंग न उचलता न्याय उचलला आहे. विलायतेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ गेला तेव्हा ही घरांची नावे हळूहळू गळाली. साप आणि शिड्या उरल्या, न्याय गेला.

याच्या उलट उदाहरण सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचे. राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी या कलेला पुन्हा ऊर्जितावस्था आणली. डावात १२० पाने. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी राजा, प्रधान आणि एक ते दहा अंकांची पाने. नावे आणि चित्रे सारी पुराणांतली. परंतु खेळाचा कायदा पाहिला तर तो मोगल गंजिफेच्या दरबाराचा आहे: राजाच्या खाली प्रधान आणि त्याच्या खाली क्रमाने बाकीचे. मत्स्याने वेद राखले किंवा वामनाने बळीला पाताळात घातले, याचा हात जिंकण्याशी काही संबंध नाही. पुराणाचा एकच धागा कायद्यात शिरला आहे. दिवसा डाव असेल तर ज्याच्याकडे राम तो सुरुवात करतो. रात्री ज्याच्याकडे कृष्ण तो. राम मध्यान्ही जन्मला आणि कृष्ण मध्यरात्री, ही आठवण या नियमात सहज जागी होते. एवढा एक कवडसा वगळला तर हे पुराण पानांच्या पाठीवर नसले तरी पृष्ठभागावरच राहिले आहे.

नाव आणि न्याय यांतला हा भेद हाती असला की एका अगदी वेगळ्या जगातील खेळाचीही परीक्षा करता येते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, इतर आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात, आणि कृती साधली की फसली हे फासे ठरवतात. बुटके, एल्फ, ऑर्क पाहून हा टोल्किनचा वारसा आहे असे कोणीही म्हणेल. ‘हॉबिट’ हे नाव तर कायदेशीर हरकतीमुळे पुढे बदलावे लागले. परंतु १९७९ च्या मार्गदर्शक ग्रंथात गायगॅक्सने स्फूर्तिस्थानांची जी यादी दिली, तीत त्याने अधिक ऋण मानले ते रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स अशांचे. कायदाही त्याला दुजोरा देतो. जादूगाराने घोकलेला मंत्र एकदा उच्चारला की तो स्मरणातून पुसला जातो, ही कल्पना व्हान्सच्या १९५० च्या ‘द डाइंग अर्थ’मधली. आरंभीच्या नियमांत लुटून आणलेल्या सोन्याच्या नाण्यामागे पात्राच्या अनुभवाचा एक गुण वाढत असे. हॉवर्डच्या किंवा लायबरच्या लुटारू वीरांना हे शोभते. टोल्किनच्या महाकादंबरीत मात्र नायक मिळवायला नव्हे, टाकायला निघालेला असतो. आणि अखेरच्या क्षणी ती अंगठी टाकण्याचे बळही त्याला राहत नाही. कार्य सिद्धीस जाते ते त्याने पूर्वी ज्याला जीवदान दिले त्या अभाग्याच्या हातून. या दयेच्या हिशेबाला त्या नियमांत रकाना नव्हता. ७२ घरांच्या जुन्या पटावर दयेला स्वतःचे घर आहे, १७ वे, आणि तिची शिडी वैकुंठाच्याही पुढच्या घरात जाते.

अर्थात या अमेरिकी खेळाजवळ एक गोष्ट आहे जी मोक्षपटाजवळ नाही: बोलणे. त्यासाठी पुन्हा सावंतवाडीच्याच परिसरात यावे लागते. सिंधुदुर्गातील जत्रांमधून होणाऱ्या दशावतारी खेळांत आख्यान ठरलेले असते, परंतु लिखित संहिता नसते. नट आपापली भूमिका घेऊन उभे राहतात आणि संवाद जागच्या जागी रचतात. राक्षस मरणार हे त्याला स्वतःला, देवाला आणि समोर बसलेल्या गावाला ठाऊक असते. मरण्यापूर्वी तो देवाशी काय वाद घालील, हे मात्र कोणालाच ठाऊक नसते. त्या वादासाठीच गाव रात्रभर जागते.