निर्देशांक आणि मनिऑर्डर

रत्नागिरीकडील कित्येक घरांची चूल एके काळीं मुंबईच्या गिरणींतील चाकरमान्याच्या मनिऑर्डरीवर पेटत असे. १९२१ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या सरकारी लेबर ऑफिसनें जुलै १९१४ चा खर्च १०० धरून कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक काढला. पुढें १९३२-३३ च्या कुटुंबपाहणीवरून १९३३-३४ हें नवें आधारवर्ष ठरलें. दुसऱ्या महायुद्धांत महागाईभत्ताहि या आंकड्यास जोडला गेला. पण राहणी बदलली, तरी हिशेबांतील जिनसांचें प्रमाण जुनेंच राहिलें. निर्देशांक महागाई कमी दाखवितो, ही कामगारांची तक्रार वाढून १९६३ सालीं लकडावाला समिति नेमावी लागली. मापांतील चूक भत्त्यांत उतरते आणि मनिऑर्डरीवाटे गांवच्या चुलीपर्यंत पोंचते. म्हणून माप वेळोवेळीं सुधारणें ही गणिताइतकीच न्यायाची बाब आहे, असें आम्हांस वाटतें.