कवळी, कार आणि करंगळी

नेलपॉलिशची बाटली उघडली की जो वास येतो, त्याच जातीचा वास डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजसमोरून जाताना येतो. हा योगायोग नाही. नखावरचा रंग आणि गाडीवरचा रंग एकेकाळी सख्खे भाऊ होते आणि त्यांचं आजोळ होतं दारूगोळ्याचं.

१८४६ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या ख्रिश्चन शॉनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने साध्या कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक ॲसिडची प्रक्रिया करून बनवलेला स्फोटक जगापुढे आणला. दिसायला कापूसच, पण ठिणगी पडली की क्षणात भस्म. याचं नाव गनकॉटन, म्हणजेच नायट्रोसेल्युलोज. बंदुकीच्या बिनधुराच्या दारूसाठी सैन्यांनी ते उचललं. त्यात कापूर मिसळून सेल्युलॉइड झालं, सेल्युलॉइडपासून सिनेमाची फिल्म झाली. २००३ च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट रिळांना आग लागली. ती रिळं याच पदार्थाची होती.

पहिलं महायुद्ध संपलं आणि दारूचं गिऱ्हाईक आटलं. नायट्रोसेल्युलोजसाठी दुसरं काम हवं होतं, ते मोटारींच्या रंगात मिळालं. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीने ‘ड्यूको’ नावाचा रंग आणला. आधी एक गाडी रंगवून वाळायला आठवडे जायचे, आता काही तासांत काम व्हायला लागलं.

नखांसाठी लागणारा पदार्थ असाच होता: पटकन वाळणारा, चकचकीत, कडक. क्युटेक्सने १९१७ च्या सुमारास द्रवरूप नेलपॉलिश विकायला घेतलं होतं, पण ते फिकं आणि पारदर्शक असायचं. १९३२ साली चार्ल्स आणि जोसेफ रेव्हसन हे भाऊ आणि चार्ल्स लॅकमन यांनी मिळून एक कंपनी काढली. तिच्या नेलपॉलिशमध्ये पारदर्शक रंगाऐवजी रंगद्रव्याची पूड होती, त्यामुळे नख पूर्ण झाकलं जायचं. कंपनीचं नाव रेव्हलॉन. त्यातला ‘ल’ लॅकमनचा. आपल्याकडे १९५२ साली टाटा ऑइल मिल्सने लॅक्मे सुरू केली. नाव एका फ्रेंच ऑपेरावरून घेतलेलं, आणि ते आपल्या ‘लक्ष्मी’चंच फ्रेंच रूप. आईच्या गोदरेजच्या कपाटात, चोरकप्प्याच्या शेजारी, लाल रंगाची एक बाटली कायम असायची. लग्नसराई आली की ती बाहेर यायची. घट्ट झाली असेल तर आई तिला गरम पाण्याच्या वाटीत ठेवायची.

या सगळ्या नेलपॉलिशबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ते फक्त वाळतं. बाटलीत नायट्रोसेल्युलोज द्रावकात विरघळलेलं असतं. ब्रश फिरवला की द्रावक उडून जातो, पातळ पापुद्रा मागे राहतो. ॲसिटोनचा बोळा फिरवला की तो पुन्हा विरघळतो. नखावर नवं रसायन काही तयार होत नाही. म्हणून हा घरगुती प्रकार झाला. आत्याने ओट्यावर बसून लावावं, लहान बहिणीने अर्धं बोटांवर सांडावं, नंतर पुसून टाकावं, फारसं काही बिघडत नाही. नेलपॉलिश म्हणजे घरी करायची निरुपद्रवी गोष्ट, हा आपला समज या बाटलीने तयार केला.

आज ऑनलाइन मिळणाऱ्या जेल किटवरही ‘नेलपॉलिश’ असंच लिहिलेलं असतं. पण जेलचा इतिहास वेगळा आहे. तो दाताच्या दवाखान्यातून येतो.

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात कवळ्या रबराऐवजी ॲक्रिलिकच्या बनायला लागल्या. पूड आणि द्रव एकत्र केला की छोटे रेणू एकमेकांना साखळीसारखे जोडले जातात आणि लगदा दगडासारखा घट्ट होतो. १९५४ साली फ्रेड स्लॅक या अमेरिकन दंतवैद्याचं नख तुटलं आणि त्याने हेच दातांचं ॲक्रिलिक वापरून नकली नख बनवलं. त्याच दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी खुब्याचा कृत्रिम सांधा हाडात पक्का बसवायला ॲक्रिलिक सिमेंटसारखं वापरलं. माझ्या आजीच्या गुडघ्यात आज त्याच कुळातलं सिमेंट आहे. १९८१ साली जॉर्ज शेफर यांनी दातांचं सामान विकणारी एक छोटी कंपनी घेतली. नखं बनवणाऱ्या बायका तिथलं ॲक्रिलिक नेतात, हे लक्षात आल्यावर त्यांनी ते नखांसाठीच विकायला सुरुवात केली. कंपनीचं नाव ओडोन्टोरियम प्रॉडक्ट्स. ‘ओडोन्टो’ म्हणजे दात. आपण तिला ओपीआय म्हणून ओळखतो.

जेलचा दिवाही तिथलाच. दाढेत सिमेंट भरल्यावर डॉक्टर निळा प्रकाश टाकतात ना, नखांचा दिवा हा त्याचा चुलतभाऊ. जेलमधले छोटे रेणू, ज्यांना मोनोमर म्हणतात, प्रकाश पडल्यावर जोडले जातात. म्हणजे जेल वाळत नाही, जमतं. आणि नीट जमलं नाही तर सुटे राहिलेले मोनोमर कातडीत शिरू शकतात. त्यातल्या एकाचं लघुनाव हेमा. काही जणांचं शरीर त्याला शत्रू म्हणून लक्षात ठेवतं, आणि ही आठवण सहसा पुसली जात नाही.

हे मला कळलं ते त्वचेच्या डॉक्टरांकडे. वाकडच्या फ्लॅटवर मी आणि माझी रूममेट रविवारी जेलचा कार्यक्रम करायचो. पार्लरमध्ये एकदाचे हजार-बाराशे जातात, तेवढ्यात दिव्यासकट अख्खा किट येतो. मी हेअरपिनच्या टोकाने करंगळीवर वारलीतली माणसं काढायचे, अंगठ्यावर तारपा. किटसोबतच्या कागदावर चार चित्रं आणि ‘६० सेकंद’ एवढंच होतं. ते मी तंतोतंत पाळलं. सात-आठ महिन्यांनी नखांच्या कडेला खाज सुटली, बोटांची टोकं चिरली, मग पापण्या सुजल्या. पापण्यांचा नखांशी काय संबंध? दिवसभर आपण बोटं कुठे कुठे लावतो, तो. डॉक्टरांनी पाठीवर पॅच टेस्टच्या पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढल्या, चौथ्या दिवशी पुन्हा पाहिलं. हेमासमोर लाल चट्टा होता. “ही आता कायमची समजायची,” डॉक्टर म्हणाले. “दात भरायला जाल तेव्हा आधी सांगायचं. पुढेमागे सांधा बदलायची वेळ आली, तर तिथेही.”

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. दुसऱ्या प्रोजेक्टमधला कोड उचलून आणायचा आणि त्याच्या डोक्यावर लिहिलेल्या सूचना तिथेच सोडायच्या, हा प्रकार मला ओळखीचा आहे. इथे तेच झालं. पदार्थ दवाखान्यातून पार्लरमध्ये आला तेव्हा थोडी समज तरी सोबत आली. मी जिथे जायचे त्या पार्लरमधली ताई ब्रश कधी कातडीपर्यंत नेत नसे, केसाएवढी फट सोडायची. “लागू द्यायचं नाही,” म्हणायची. कारण सांगायची नाही, पण हाताला माहीत होतं. जेल आणि दिवा एकाच कंपनीचे असायचे. पार्लरमधून जेल घरी आलं तेव्हा ती फट आली नाही. जेल एकाचं, दिवा दुसऱ्याचा, आणि दोघांचं जमतं की नाही हे कोणी तपासलेलं नाही.

नियम आले ते अशा तक्रारी साठल्यावर. अमेरिकेने १९७० च्या दशकातच मिथाइल मेथाक्रिलेट असलेल्या नखांच्या द्रवांवर कारवाई केली होती. २०१८ साली ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने घरगुती जेल किटबद्दल जाहीर इशारा दिला. युरोपीय संघात २०२१ पासून हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिक वापरासाठी, असं बंधन आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून तिथे टीपीओ या प्रकाशाने जेल जमवणाऱ्या रसायनावर सौंदर्यप्रसाधनांत पूर्ण बंदी आली. त्याचं कारण ॲलर्जी नव्हतं, प्रजननावरच्या परिणामांची शंका होती.

नखं रंगवणं सोडा, असं मी कोणाला सांगणार नाही. रविवारी दोघींनी एकमेकींचे हात धरून तासभर बसणं मलाही आवडतं, अजूनही बसतो. फक्त माझ्या नखांवर आता आईच्या कपाटातल्यासारखं वाळणारं नेलपॉलिश असतं. तुम्ही घरी जेल लावत असाल तर बाटलीवर हेमा आणि टीपीओ शोधा. दिवा त्याच कंपनीचा घ्या. कातडीला लागलेलं जेल दिव्याखाली हात नेण्याआधी पुसा. खाज सुटली तर क्रीम लावून पुढच्या रविवारची वाट पाहू नका, तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. पंचविशीत लागलेली ही ॲलर्जी पासष्टीत गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळीही आपल्यासोबत असणार आहे. माझ्या फोनमध्ये आणीबाणीची माहिती असते तिथे रक्तगटाच्या खाली मी ‘हेमा’ लिहून ठेवलं आहे.