हाय विकमच्या सुतारांनी जगाला शिकवलेला धडा

“लाकूडच तर आहे, त्याने काय होतंय?” सुतारकाम चालू असतं तिथे हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. सिमेंटची, दगडाची धूळ वाईट हे आपल्याला पटतं. लाकूड मात्र नैसर्गिक, म्हणून निरुपद्रवी! हा समज कसा मोडला, त्याचा इतिहास वाचण्यासारखा आहे.

लंडनपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर हाय विकम हे गाव. आजूबाजूच्या टेकड्यांवर बीचची झाडं, त्यामुळे एकोणिसाव्या शतकापासून इथला धंदा खुर्च्यांचा. १९६०च्या दशकात तिथल्या नाक-कान-घसा सर्जन एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आलं की नाकाच्या आतला एक अतिशय दुर्मीळ कॅन्सर घेऊन येणारे रुग्ण बहुतेक फर्निचर कामगारच आहेत. ऑक्सफर्डचे सर्जन मॅकबेथ यांनाही तेच दिसत होतं. मग साथरोगतज्ज्ञ डोनाल्ड अ‍ॅचेसन यांच्यासोबत त्यांनी आकडेवारी तपासली. १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष छापून आला. सामान्य पुरुषांपेक्षा या कामगारांना हा धोका शेकडो पटींनी जास्त! संशय होता तो लाकडाच्या धुळीवर.

पुढच्याच वर्षी ब्रिटनने हा आजार भरपाईस पात्र व्यावसायिक आजार ठरवला. १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कॅन्सर करते हे सिद्ध.

यात मेख अशी की हा रोग दिसायला कित्येकदा तीस-चाळीस वर्षं लागतात. तोवर कामगार म्हातारा झालेला, मालक बदललेला. जोडणार कोण?

आता आपल्याकडे बघा. रंध्यातून छिलके पडतात, ते जड असतात, खाली बसतात. पण सँडर आणि कटर मशीनमधून उडणारी बारीक पूड हवेत तरंगते आणि श्वासातून आत जाते. आपलं बरंचसं फर्निचर बंद फ्लॅटमध्ये, तीन-चार जणांच्या हातून तयार होतं. १९४८च्या कारखाने कायद्यात वीज वापरणाऱ्या जागेसाठी दहा कामगारांची अट होती, २०२०च्या संहितेने ती वीसवर नेली. म्हणजे आपला सुतार त्यात बसतच नाही.

मग जबाबदारी कुणाची? मला वाटतं, काम देणाऱ्याची, म्हणजे तुमची-माझी. धूळ ओढणारी पिशवी किंवा व्हॅक्यूम मशीनलाच जोडलेला हवा. झाडू मारून किंवा हवेचा फवारा मारून भुसा उडवायचा नाही, ओलं पुसून घ्यायचं. खिडक्या उघड्या. तोंडाला रुमाल नाही, एन-९५ मास्क. आणि एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येत असेल किंवा ती सतत चोंदत असेल, तर डॉक्टरांना “मी सुतार आहे” हे आवर्जून सांगायचं.

लाखोंच्या फर्निचरमध्ये याचा खर्च किती? पुढचं कोटेशन घ्याल तेव्हा त्यात ही एक ओळ स्वतःहून घालायला सांगा.