ओझ्याचा इतिहास : एका मालवाहू रिक्षाच्या निमित्ताने

‘टेम्पो’ हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की, ते मुळात एका जर्मन नाममुद्रेचे नाव होते हे आता सांगावे लागते. हॅम्बुर्गजवळच्या ‘विडाल आणि सोन’ या कारखान्याच्या तीनचाकी मालवाहू गाड्या ‘टेम्पो’ म्हणून ओळखल्या जात. त्या कारखान्याच्या सहकार्याने नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली ‘बजाज टेम्पो’ ही कंपनी उभी केली आणि ‘हॅन्सिएट’ ही तीनचाकी आपल्या रस्त्यांवर आली. २००५ साली कंपनीचे नाव ‘फोर्स मोटर्स’ झाले. ‘टेम्पो’ मात्र तोवर बाजार समितीच्या भाषेत कायमचा रुजला होता. विशेषनामाचे सामान्यनाम कसे होते हे वर्गात आम्ही ‘डालडा’च्या उदाहरणाने शिकवीत आलो. टेम्पो रोज दारावरून जात असूनही त्याचे उदाहरण आम्हांला सुचले नाही. ओझे वाहणाऱ्याकडे आपले लक्ष नसते, याचा तो पहिला पुरावा.

दुसरा पुरावा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत, भंगाराच्या एका आवारात मिळाला. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. महाविद्यालयाची मोडकी लोखंडी कपाटे विकण्यासाठी तेथे गेलो होतो. कोपऱ्यात बंद पेटीची एक जुनी मालवाहू रिक्षा उभी होती. तिला आमच्याकडे सगळे ‘लोडिंग रिक्षा’ म्हणतात. पाटीवर ‘एमएच २१’ नव्हते. १९८९ साली ‘एमएच’ ही मालिका सुरू झाली, त्याआधीची तीन अक्षरी खूण तिच्यावर पुसट दिसत होती. मागची झडप उघडली, तर आत गंजलेले इंजिन. ही गाडी घ्यावी, दुरुस्त करावी, असे आम्हां दोघांच्या मनात एकाच वेळी आले. यंत्रातले आम्हांला फारसे कळत नाही, हे येथेच कबूल करतो.

इंजिन मागे का, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मागे लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपाला मोठ्या मोटारी परवडत नव्हत्या आणि माल तर हलवायचा होता. इटलीत पियाज्जो कंपनीने व्हेस्पा स्कूटरच्याच घडणीतून १९४८ साली ‘आपे’ ही तीनचाकी काढली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी, आपे म्हणजे मधमाशी. कामकरी गाडीला कामकरी कीटकाचे नाव मिळाले. त्याच्या आदल्या वर्षी, १९४७ च्या एप्रिलमध्ये, बेन पोन या डच व्यापाऱ्याने आपल्या वहीत एका गाडीचे साधे रेखाटन केले होते : चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे आणि मध्ये सगळा माल. त्यातून १९५० साली फोक्सवॅगनची मालवाहू गाडी तयार झाली. युक्ती साधी होती. पुढे माणसाचे वजन, मागे यंत्राचे. मधली पेटी भरलेली असो वा रिकामी, गाडीचा तोल फारसा ढळत नाही. त्याची किंमतही होती. इंजिनावरचा तळ उंच राही आणि मागून माल चढवणे अवघड होई. म्हणून मोठे दार बाजूला ठेवावे लागले.

आपल्याकडे ही घडण पुण्याच्या वाटेने आली. बजाज ऑटोला १९५९ साली दुचाकी व तीनचाकी वाहने बनविण्याचा परवाना मिळाला. १९७१ साली तिची तीनचाकी मालवाहू गाडी निघाली आणि १९७७ साली मागे इंजिन असलेली रिक्षा. ‘आरई’ ही दोन अक्षरे आपण रोज वाचतो. त्यांचा अर्थ ‘रिअर इंजिन’ एवढाच आहे. जेमतेम १४५ घन सेंटिमीटरचे दोन-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल, बसल्या जागेवरून हाताने ओढून सुरू करायचा दांडा. हँडलपासून मागच्या इंजिनापर्यंत क्लच, गिअर आणि ॲक्सिलरेटर यांच्या लांबलचक केबली जातात. आमच्या गाडीच्या त्या सगळ्या गंजून जागच्या जागी धरल्या होत्या. १९८५ साली बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि अशा गाड्या मराठवाड्याच्या दाराशी बनू लागल्या. वाळूजला गाडी घडते आणि जालन्याच्या भट्टीत वितळते. भंगार वितळवून त्यापासून सळई ओढणे हा या शहराचा मोठा धंदा. त्या आवारातल्या प्रत्येक वस्तूची उद्याची ओळख ‘सळई’ हीच होती.

गाडी वाचवायची तर ती ‘विंटेज’ म्हणून नोंदवावी, असे आम्हांला भोळेपणाने वाटले. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले आहेत. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला त्यांत मान आहे, ‘व्हीए’ अशी निराळी क्रमांकमालिका आहे. परंतु हा मान केवळ खासगी वापराच्या दुचाकींना व चारचाकी मोटारींना. तीनचाकीला नाही, मालवाहू वाहनाला नाही. आमची गाडी १९८६ सालची. २०३६ साली ती पन्नाशी ओलांडील, तरीही ती विंटेज ठरणार नाही. तिचे वय नव्हे, तिची जात आड येते. संस्थानिकाची मोटार वारसा आणि मोसंबीच्या जाळ्या वाहणारी रिक्षा भंगार, असा हा निवाडा आहे.

नियम करणाऱ्यांना दोष देऊन आम्हांला सुटता येणार नाही. आमच्याच जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. आम्ही तोफांची संख्या सांगतो, सेनापतींची नावे सांगतो. त्या काळच्या फौजा ज्यांच्या बैलांवरच्या धान्यावर जगत, त्या बंजारा तांड्यांविषयी मात्र एखादे वाक्य बोलून पुढे जातो. वेलस्लीला त्यांचे महत्त्व पुरते ठाऊक होते. त्याच्या पत्रव्यवहारात ते वारंवार येतात. विसरलो ते आपण. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा आज्ञापत्रांइतकाच हिशेबाच्या कागदांनाही पुरावा मानण्याची दृष्टी आपल्याला मिळाली. ती दृष्टी कागदापाशीच का थांबावी?

गाडीच्या कागदांवर ज्यांचे नाव होते ते वृद्ध गृहस्थ अंबड रस्त्यावरच्या एका वस्तीत भेटले. त्यांच्या सहीवाचून व्यवहार पुरा होणार नव्हता. सही करताना ते म्हणाले, “सर, हिच्यात काय बघितलं तुम्ही? हिनं नुसतं वझं वाहिलं.” आम्ही म्हणालो, “काका, तेच बघितलं.” त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि मग कोणत्या वर्षी किती जाळ्या, कोणत्या आडतीवर, पावसात कोणत्या नाल्यापाशी गाडी अडे, हे सांगायला सुरुवात केली. दोन तास आम्ही लिहून घेत होतो. हिशेबाचे असे दफ्तर कोणत्याही ग्रंथालयात नाही.

गाडी आम्ही घेतली. वजनाच्या भावाने, वर थोडे अधिक देऊन. इंजिन अजून सुरू झालेले नाही. योग्यता प्रमाणपत्रावाचून ती रस्त्यावर येऊ शकत नाही आणि ते मिळण्याची आशा आम्हांला नाही. सध्या ती एका सहकाऱ्याच्या शेतातल्या पत्र्याखाली उभी आहे. विद्यार्थी येतात, केबली सोडवतात, प्रश्न विचारतात. एकीने विचारले, “सर, हिला वस्तुसंग्रहालयात कोण घेईल?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही तिला काकांच्या आठवणींची वही दिली आणि तिची स्वच्छ प्रत करायला सांगितले. गाडी कदाचित पुढे कधी भट्टीत जाईलही. ती वही जाऊ नये, एवढे आमच्या हाती आहे.