मुक्या भयाचा इतिहास

'मुकी जनावरे' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत इतका रुळला आहे की त्यातला अन्याय सहसा जाणवत नाही. वास्तविक जनावरांच्या भयाविषयी हीच मराठी कमालीची नेमकी आहे. बैल बुजतो, घोडा बिथरतो, मांजर बिचकते, कुत्रे भेदरून कोपरा गाठते. ज्यांनी या छटा वेगळ्या राखल्या त्यांनी गोठ्यात आणि अंगणात पुष्कळ काही पाहिले असले पाहिजे. महाभारताच्या आदिपर्वात सरमा ही देवांची कुत्री आपल्या निरपराध पिलाला मारल्याबद्दल जनमेजयाला शाप देते, तोही अदृष्ट भयाचा. शब्दार्थ किंचित ताणायची मुभा घेतली तर समोर नसलेल्या गोष्टीचे भय म्हणजेच चिंता.

युरोपीय विचाराने मात्र येथे बराच वळसा घेतला. देकार्तने १६३७ मध्ये प्राण्यांना यंत्रांच्या पंक्तीला बसवले. डार्विनने १८७२ मध्ये माणूस व प्राणी यांच्या भावाभिव्यक्तीवर ग्रंथ लिहिला. फिरायला निघालेला मालक काचगृहाच्या वाटेला वळला की आता फेरी संपली अशा समजुतीने आपल्या कुत्र्याची मान, कान आणि शेपूट कसे एकदम ढळत, हे त्याने त्यात नोंदवले आहे. तरीही निरीक्षण आणि उपचार यांत अंतर असते. ते ज्यांच्यामुळे कापले गेले ती कुत्री कुणाच्या घरची नव्हती.

पावलोवच्या प्रयोगशाळेत १९१४ च्या सुमारास एका कुत्र्याला वर्तुळ आणि लंबवर्तुळ यांतला फरक ओळखायला शिकवले जात होते. वर्तुळ दिसले की अन्न, लंबवर्तुळ दिसले की काही नाही. मग लंबवर्तुळ हळूहळू वर्तुळासारखे करत नेले. फरक ओळखणे अशक्य झाले तेव्हा शांत स्वभावाचे ते कुत्रे किंचाळू लागले, उपकरणे दातांनी तोडू लागले.

पुढचा धडा निसर्गाने दिला. २३ सप्टेंबर १९२४ रोजी लेनिनग्राडमध्ये मोठा पूर आला आणि पाणी कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत शिरले. सहायकांनी त्यांना पोहवत प्रयोगशाळेच्या इमारतीत आणून वाचवले. देहाने ती वाचली. पण काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षे शिकवलेल्या प्रतिक्रिया पुसल्या गेल्या. ओळखीच्या खोलीत नेहमीचे अन्नही ती घेईनात. अशा एका कुत्र्याजवळ प्रयोगकर्ता नुसता बसून राहिला तेव्हा त्याच्या प्रतिक्रिया परतू लागल्या. नंतर तो स्वतः बाहेर थांबला आणि त्याचे कपडे कुत्र्याला दिसणार नाहीत असे खोलीत ठेवले, तर तेवढेही पुरले. पावलोवच्या अवजड परिभाषेतली ही नोंद मला फार मोलाची वाटते. यंत्राच्या सिद्धान्ताला सर्वांत जवळ असलेल्या प्रयोगशाळेत एका भेदरलेल्या जिवाला ओळखीच्या माणसाच्या वासाने धीर दिला होता.

पुढे दाराच्या फटीतून पाण्याची बारीक धार त्या खोलीत सोडण्यात आली. कुत्रे पुन्हा ढासळले.

दक्षिण आफ्रिकेतील जोसेफ वोल्पे हा दुसऱ्या महायुद्धात सैन्यातला डॉक्टर होता. युद्धाने खचलेल्या सैनिकांवर चालणारे उपचार त्याला अपुरे वाटले. युद्धानंतर त्याने मांजरांना पिंजऱ्यात विजेचे धक्के देऊन भयग्रस्त केले. भुकेली असतानाही ती तेथे अन्नाला तोंड लावीनात. मग त्याने त्यांना प्रथम अगदी वेगळ्या खोलीत खाऊ घातले, नंतर प्रयोगाच्या खोलीशी थोडे साम्य असलेल्या खोलीत, आणि अशा पायऱ्यांनी शेवटी त्याच पिंजऱ्यात. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने हीच पद्धत माणसांच्या भयावरील उपचार म्हणून रूढ केली. या उपचाराने बरे झालेल्या कितीजणांना त्या मांजरांची वार्ता असेल?

ऋण फेडायची गोष्ट निघाली ती १९७४ मध्ये. ट्यूबर आणि हॉदरसॉल हे मानसशास्त्रज्ञ आणि पशुवैद्य व्हिक्टोरिया व्हॉइथ यांनी एका अमेरिकी नियतकालिकात लेख लिहून सुचवले की प्राण्यांवर सिद्ध झालेले हे उपचार आता प्राण्यांसाठीच वापरावेत. लेखाच्या शीर्षकात त्यांनी स्विफ्टच्या प्रसिद्ध उपहासलेखाचे नाव घेतले होते, ते उगाच नसावे. माणसांच्या नैराश्यावरचे क्लोमिप्रामिन हे औषध एकटे राहण्याच्या भीतीने ग्रासलेल्या कुत्र्यांसाठी अमेरिकेत मान्य व्हायला १९९८ उजाडले.

दिवाळीत आपल्याकडील घराघरांत हाच इतिहास वेगळ्या रूपाने घडतो. कुत्रे धापा टाकते, झोप आलेली नसताना जांभया देते, ओठ चाटते, पलंगाखाली शिरते. मांजर चार-चार दिवस माळ्यावरून उतरत नाही किंवा अंगावरचे केस चाटून चाटून काढते. याला हट्टीपणा समजून ओरडणारे पुष्कळ भेटतात. जवळ घेतल्याने भीती 'लाडावते' असेही सांगितले जाते, परंतु भय हे बक्षिसासाठी केलेले वर्तन नव्हे. जवळ बसण्याने ते वाढत नाही. लपायला जागा द्यावी, तेथे घरच्या माणसाचा वापरलेला सदरा ठेवावा, भय तीव्र असेल तर पशुवैद्याला आधीच गाठावे. सणाच्या काही आठवडे आधी फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी हलका लावून सोबत आवडीचा घास देता येतो. घास नाकारला की आवाज खाली आणायचा. वोल्पेच्या मांजरांपासून भय मोजण्याचे हे माप बदललेले नाही. आणि एक दिवाळी शांततेत पार पडली तरी पुढच्या वर्षी पुन्हा हलक्या आवाजापासूनच आरंभ करावा, कारण फटीतून येणारी पाण्याची धार केव्हा दिसेल ते सांगता येत नाही.